हिरव्या पाठीची पाच पुस्तकं

आमच्या वाचनालयात दाराजवळच्या टेबलावर अभिप्रायाची एक जाड वही असते. पुस्तक परत करताना वाचकाने तिच्यात चार ओळी लिहाव्यात, अशी अपेक्षा असते. बहुतेक जण 'छान' किंवा 'ठीक' लिहून मोकळे होतात. माझे अभिप्राय पानभर असतात. मी त्रेसष्टाव्या वर्षी वाचायला शिकले, आता सदुसष्टावं चालू आहे. एका कादंबरीला मला तीन आठवडे लागतात. एवढ्या मेहनतीनंतर 'छान' एवढ्यावर माझं भागत नाही.

सूनबाईने मला शिकवलं. ती शाळेत शिकवते आणि घरी आल्यावरही तिची शाळा सुटत नाही. "आई, अंदाजाने वाचू नका," हे तिचं पालुपद. "अर्धा शब्द बघता आणि उरलेला मनाने भरता. प्रत्येक अक्षरावर बोट ठेवा." मी अजून बोट ठेवून, ओठ हलवतच वाचते.

त्याआधी तीस वर्षं मी पुस्तकं बांधली. छापलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, आकडे बघून त्या ओळीने लावायच्या, शिवायच्या, पाठीला खळ लावून कापड चढवायचं. आकडे कळत, अक्षर एकही कळत नसे. हजारो पुस्तकं हातांखालून गेली आणि एकातही काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

माझी धाकटी बहीण माझ्या शेजारीच बसायची. सगळे तिला बारकीच म्हणत. एकोणीस वर्षांची असताना तिने संध्याकाळच्या वर्गाला जायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत पाटी काढून बसे. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आता काय बाई, साहेबीण होणार ही! उद्या मलाच कामावरून काढेल." सगळ्या बायका हसल्या. मी सर्वांत जास्त हसले. बारकीने पाटी पिशवीत ठेवली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी तिचं पोट दुखतंय म्हणून मी एकटीच कामावर गेले. माझ्या जागी, खळीच्या वाटीखाली, लिहिलेला एक कागद होता. आमच्याकडे लिहिलेल्या कागदांची रद्दी पायात येई. पुस्तकाच्या पाठीवर, कापडाच्या आत, मजबुतीसाठी आम्ही तीच चिकटवायचो. मी तो कागद ओळींच्या बाजूने फाडला. पाच पट्ट्या झाल्या. त्या दिवशी याच वाचनालयाची फाटकी पुस्तकं नव्याने बांधायला आली होती. हिरवं कापड संपत आलं होतं, ते पाचच पुस्तकांना पुरलं. पाच पट्ट्या, पाच हिरव्या पाठी.

घरी गेले तर बारकी नव्हती. तिची कापडी पिशवीही नव्हती. घड्या दाबायचं हाडही ती घेऊन गेली होती, टोक मोडलेलं.

आठवड्याने कामावरची शिलाईवाली म्हणाली, "चिठ्ठी वाचून घेतलीस ना कोणाकडून? आदल्या संध्याकाळी तुझ्या वाटीखाली ठेवून गेली होती ती."

या गोष्टीला एकेचाळीस वर्षं झाली. बारकीचा निरोप नाही, पत्ता नाही. लोकांना वाटतं, म्हातारपणी हिला वाचनाची गोडी लागली. गोडी नंतर लागली. मी शिकले ती त्या पाच पट्ट्यांसाठी. ती कुठे गेली एवढंच मला हवं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

ग्रंथपाल बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी पाचही पुस्तकं शोधून काढली. वरच्या फळीवर एका रांगेत होती, कापड विटून शेवाळी झालेलं. टाके माझेच, गाठ मारायची माझी पद्धत वेगळी आहे.

"पाच कादंबऱ्या आहेत, मावशी," बाई म्हणाल्या. "वीस वर्षांत कोणी हात लावलेला नाही. तरी फाडायला अशी देणार नाही मी. आधी एकेक वाचा, वहीत अभिप्राय लिहा. मग ते पुस्तक दुरुस्तीला काढलं म्हणून नोंद करते, तुम्ही खुशाल पाठ उघडा."

"आणि अभिप्राय वाईट असला तर?"

"तर आणखी चांगलं. काढून टाकायला कारण मिळेल."

पहिली कादंबरी एका वकिलाची. कोर्टात वाघ आणि घरी आईपुढे शेळी. तो फार रडतो, आणि लेखक त्याच्याहून जास्त रडतो. पण गाडीच्या थांब्यावरचा एक प्रसंग मला आवडला. वकील थांब्यावर उभा असतो. शेजारी कापडी पिशवी घेतलेली एक मुलगी असते, तिच्या बोटांवर खळ वाळून पापुद्रे आलेले. ती विचारते, "लांबची गाडी इथेच लागते का?" वकिलाला माहीत नसतं. मुलगी परत कुठेही येत नाही. मी अभिप्रायात लिहिलं, लेखकाने बांधणी कामगार जवळून पाहिलेले दिसतात.

मग पाठ उघडली. कोमट पाण्याचा बोळा फिरवला, कापड सुटलं, पट्टी अलगद निघाली. दोन ओळी. अक्षर गोल, शाळकरी.

'ताई, उद्यापासून मी कामाला येणार नाही. लांब जाते आहे. कुठे ते लिहीत नाही.'

त्या दिवशी मी जेवले नाही. खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत राहिले.

दुसरी कादंबरी जहाजावरची. निम्मी पानं समुद्राच्या वर्णनाची. इतकं पाणी की मला वाचताना दोनदा उठावं लागलं. एकशे साठाव्या पानावर तांडेल डेकवर येतो, तर एक मुलगी कठड्याला टेकून कागदाच्या घड्या घालत बसलेली. घडी हाडाने दाबते. हाडाचं टोक मोडलेलं आहे. ती तांडेलाला विचारते, "या जहाजावर कोणाला वाचता येतं का?" तो हसतो. ती म्हणते, "हसू नका." एवढंच.

मी ते पान सूनबाईला वाचायला दिलं. तिने भराभर वाचलं.

"आहे की. मुलगी आहे, हाड आहे. मग?"

"ती तिथे कशाला आहे? गोष्टीत तिचं काय काम?"

"आई, कादंबरीतल्या अर्ध्या बायकांना काही काम नसतं. नुसत्या कठड्याला टेकतात."

मी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. छापल्याचं साल बारकीच्या जन्माच्या आधीचं होतं. मग हाड मोडलेली दुसरी कोणी मुलगी असेल. हाडं काय, सगळ्यांचीच मोडतात.

दुसरी पट्टी: 'लिहिलं तर तू कोणाकडून तरी वाचून घेशील आणि सगळ्यांना कळेल. तू हसलीस त्याचा राग नाही.'

हे वाचल्यावर मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी उठून दाराची कडी पाहिली. का पाहिली, ते सांगता येणार नाही.

तिसरी कादंबरी डॉक्टरच्या घरातली. भावाभावांची भांडणं झकास आहेत, अगदी आमच्याच घरातली वाटतात. मी हसत हसत दोनशे चाराव्या पानापर्यंत आले. दुपारची वेळ, घरातली थोरली सून मागच्या दारी उभी. एक मुलगी पाणी मागते, ओंजळीने पिते आणि विचारते, "माझी ताई इथे राहते का?" सून नाही म्हणते. "मग पुढच्या घरी बघते," मुलगी म्हणते, आणि जाते.

पुस्तक घेऊन मी तशीच वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाईंनी पान वाचलं. मग दुसऱ्या एका वाचनालयात त्यांची मैत्रीण होती, तिला फोन लावला. तिच्याकडेही हीच कादंबरी होती. तिने दोनशे चारावं पान फोनवर वाचून दाखवलं. थोरली सून मागच्या दारी उभी राहते, दुपार आहे, ती केस वाळवते आणि आत जाते.

"आवृत्ती वेगळी असेल," बाई म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणाला होता, एकच आवृत्ती निघाली."

बाईंनी पानावरून अंगठा फिरवला. कागद तोच, शाई तीच, ओळी सरळ. माझ्याकडे न बघता त्यांनी पुस्तक मिटलं. "मावशी, चहा घेणार का?"

तिसरी पट्टी मी तिथेच मागच्या खोलीत काढली. 'पण एक अट आहे. दुसऱ्या कोणी वाचून दाखवलं तर ते धरायचं नाही.'

चौथी कादंबरी आणू नये असं मनात होतं. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी मी वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसले होते.

ती एका गवयाची आहे. बरी आहे की वाईट, ते मला सांगता येणार नाही. मी त्यातला गवई वाचलाच नाही. मी मुलीलाच शोधत होते, आणि बोट ठेवून शोधायला फार वेळ लागतो. रात्री झोप येईना. दिवसा एका जागी बसवेना. स्वयंपाकघरात उभी राहून वाचायचे, गॅलरीत उभी राहून वाचायचे. शेवटून तिसऱ्या पानावर ती सापडली.

ती एका जिन्याच्या तळाशी उभी होती आणि पायऱ्या मोजत होती. सतरा पायऱ्या, मग वळण, मग तीन. वळणावरचा कठडा निळ्या तारेने बांधलेला.

आमचा जिना वीस पायऱ्यांचा आहे. सतरा, वळण, तीन. वळणावरचा कठडा डगमगायला लागला तेव्हा मुलाने तो निळ्या तारेने बांधला. त्याला दीड वर्ष झालं.

हे पान मी सूनबाईला दाखवलं नाही. अभिप्रायात लिहिलं, 'शेवट नीट जमलेला नाही.'

चौथी पट्टी: 'तू स्वतः, अक्षरावर बोट ठेवून वाच. कितीही वर्षं लागली तरी चालतील.'

पाचवी कादंबरी मी काल संपवली. एका गावाची, एका धरणाची, तीनशे बारा पानं. प्रत्येक अक्षरावर बोट ठेवलं. ती त्यात नाही. थांब्यावर नाही, दारात नाही, गर्दीच्या प्रसंगात नाही. बाजाराचं पान मी तीनदा वाचलं. बोटांवर खळ असलेलं कोणी नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण पुस्तक मिटल्यावर मनात आलं, पुस्तकात नाही, तर मग ती आहे कुठे?

आज दुपारी घरात मी एकटीच होते. टेबलावर कोमट पाण्याचं भांडं ठेवलं, बोळा ठेवला, पुस्तक पालथं घातलं. सवयीने पाठीवर बोट फिरवलं. कापड ओलं होतं. पाण्याला मी अजून हात लावला नव्हता. कोपरा धरला तर कापड सहज उठून आलं. आत खळ पांढरी, मऊ, आत्ताच लावल्यासारखी. मोरचुदाचा तो कडवट वास एकेचाळीस वर्षांनी नाकात गेला. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचं काम बारकीचं होतं.

पट्टी टेबलावर सरळ केली. एकच ओळ. चष्मा लावला. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

शे.

खाली जिन्यात पाऊल वाजलं.

व. दुसरं पाऊल.

कोणी शेजारी असेल म्हणून मी थांबले. पाऊलही थांबलं. बराच वेळ थांबले. मग पुढचं अक्षर वाचलं, आणि तिसरी पायरी वाजली.

मी वाचत गेले. थांबायला हवं होतं का? एकेचाळीस वर्षं मी या ओळीसाठी घालवली होती. 'शेवटपर्यंत वाचलीस की मी घरी परत' इथवर आले. सतरा अक्षरं. पावलं वळणावर होती. निळ्या तारेचा कठडा करकरला, कोणी टेकावं तसा.

एक शब्द उरला होता. तीन अक्षरी. मी त्यावर अंगठा ठेवला.

'येईन' असेल. दुसरं काय असणार? पण अंदाजाने वाचायचं नाही.

मला तिला भेटायचं होतं. साठीची बारकी, पिकल्या केसांची, कदाचित माझ्यासारखीच चष्म्याची. तिची माफी कशी मागायची ते मी किती वेळा मनात घोळवलं होतं. पण चारही पुस्तकांत आलेली ती मुलगीच होती.

मी तशीच बसून राहिले. पाणी थंड झालं. अंगठ्याखाली खळ वाळेना.

सहा वाजता सूनबाई आली. हातात भाजीची पिशवी, खांद्यावर वह्यांचा गठ्ठा.

"आई, वळणावर एक मुलगी बसलीय. ओळखीची आहे का तुमच्या? चल वर म्हटलं, तर म्हणते, घाई नाही, ताईचं वाचून होऊ दे." ती हसली. "तुम्हाला ताई म्हणते! नात शोभेल तुमची."

"केवढी आहे?"

"एकोणीस-वीसची असेल. बोटांना पीठ लागलंय तिच्या. हात धुवायला पाणी देऊ का विचारलं, तर नुसती बघत राहिली." पिशवी घेऊन ती आत गेली. आतून म्हणाली, "दार लावलेलं नाही हं मी. ती येईल म्हणून."

दार खरंच उघडं होतं. मी चष्मा पुसला. अंगठा बाजूला केला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

बाहेर अठरावी पायरी वाजली.