थोरलीच्या हातची दूधपोळी

पहिलाच घास आईने थुंकला. दुधात भिजलेला पोळीचा तो मऊ लगदा थोरलीच्या मनगटावर पडला आणि कोपरापर्यंत ओघळत गेला. अर्धांगाने आईची उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती, तरी जे बोलायचं ते ती बरोबर बोलली.

“या हाताचं... नको.”

थोरलीने आधी आईची हनुवटी पुसली, मग स्वतःचा हात. तिला नवल वाटलं नाही. एकतीस वर्षं आईने तिच्या हातचं म्हणून काही खाल्लं नव्हतं. घरात स्वयंपाक आई करायची. थोरलीने भांडी घासायची, दळण आणायचं, आणि कारखान्यात जायचं. आजारपणात चार महिने शेजारच्या काकू येऊन भरवून जात होत्या. त्या परवा लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, आणि या दोघी घरात समोरासमोर उरल्या.

एकतीस वर्षांपूर्वी थोरली बारा वर्षांची होती, धाकटी सात, आणि भाऊ दहा महिन्यांचा, नुकता रांगायला लागलेला. आई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. सायीसाठी धाकटीने ओट्यावरचं उकळत्या दुधाचं पातेलं टाचा उंचावून ओढलं... आणि खाली बाळ होतं. तिसऱ्या दिवशी ते गेलं. पातेल्याच्या आवाजाने आई धावत आत आली तेव्हा धाकटी भिंतीला चिकटून उभी होती, तिचे डोळे पांढरे झाले होते. त्या डोळ्यांकडे पाहून थोरली म्हणाली होती, “माझ्या हातून सांडलं.” तीन शब्द. त्या तीन शब्दांवर तिचं अख्खं आयुष्य गेलं. पुढे तिला पाहायला कुणी आलं, की आई चहाचे कप पुढे करता करता शांतपणे सांगायची, “मुलगी कामसू आहे. फक्त हिच्या हातात तान्हं मूल देऊ नका.” पाहुणे कप खाली ठेवून उठत. तिसऱ्या वेळेनंतर थोरलीने पाहुण्यांसाठी साडी बदलणंच सोडून दिलं.

आता आई तीन दिवस उपाशी होती. डाव्या हाताने बाटलीतलं पाणी तेवढं घ्यायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. थोरली बाइंडिंगच्या कारखान्यात वह्यांच्या पाठींना खळ लावत होती आणि तिचा ब्रश पुन्हा पुन्हा त्याच पाठीवरून फिरत होता. शेवटी तिने मुकादमाला विचारून बाहेर जाऊन धाकटीला फोन लावला. “ये,” एवढंच ती म्हणाली.

धाकटी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. ती शिक्षिका होती, लांबच्या गावी नवरा-मुलांचा संसार होता. तिला पाहताच आईच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू पसरलं. पण धाकटीची पोळी कडक झाली, दुधात भिजेना. आईला ठसका लागला, जीव कासावीस झाला. धाकटी रडवेली होऊन स्वयंपाकघरात आली.

“ताई, मला नाही जमत गं. घरी पोळ्यांना बाई आहे माझ्याकडे.”

“सरक,” थोरली म्हणाली.

तिने कणीक सैल भिजवली, तेलाचं मोहन जास्त घातलं, अर्धा तास झाकून ठेवली. काकूंना ती रोज अशीच करून देत असे. आईला ते कधी सांगितलं नव्हतं, फक्त धाकटीला ठाऊक होतं. गरम पोळी तव्यावरून काढून दोन्ही तळव्यांत चुरली, पापुद्रे सुटे केले, कडा काढून टाकल्या. वर कोमट दूध, सायीचा तुकडा, चिमूटभर साखर. दहा मिनिटं झाकण ठेवलं. चमच्याच्या पाठीने दाबून एकही गाठ राहिली नाही ना ते पाहिलं, आणि वाटी धाकटीच्या हातात दिली.

“तू केलीस म्हणून सांग.”

आई खाऊ लागली. घासामागून घास... डोळे मिटून, लहान मुलासारखी. दारात उभी राहून थोरली ते पाहत होती. तीन दिवसांनी आईच्या गळ्याची हालचाल पाहून तिचं काळीज निवत होतं, त्याच वेळी आतून काहीतरी कुरतडलं जात होतं.

आईने डोळे उघडले, तिला पाहिलं.

“बघ... याला म्हणतात हात. तुला... जन्मात जमायचं नाही. मारायला तेवढे... तुझे हात.”

धाकटीच्या हातातला चमचा वाटीत पडला.

“आई, ही ताईने केली आहे. आत्ताचीच नाही, चार महिने रोज तीच करते आहे. आणि ते पातेलं... ते मी ओढलं होतं. मला साय हवी होती. ताईने माझं नाव घेतलं नाही, आणि मी... मी एकतीस वर्षं गप्प बसले.”

ती पलंगाच्या कडेवर डोकं टेकून हुंदके देऊ लागली. थोरली धावली नाही. ती आईच्या चेहऱ्याकडे पाहत होती. या क्षणाची तिने कितीदा कल्पना केली होती... आई हादरेल, रडेल, बाळा म्हणून हाक मारेल. पण आईचा चेहरा बदलला नाही. तिचा डावा हात धाकटीच्या केसांवरून फिरत राहिला.

“मला माहीत आहे,” आई म्हणाली. “खिडकीतून... पाहिलं होतं.”

धाकटीचं डोकं पलंगावरून झटकन वर आलं.

“मग मला का?” थोरलीने विचारलं. तिचा आवाज इतका साधा होता, जणू ती औषधाची वेळ विचारत होती.

“कुणावर तरी... राग काढल्याशिवाय मी जगले नसते. ही लहान. मोडली असती.” आई दमली, पुन्हा श्वास घेतला. “तू मोडणारी नव्हतीस.”

“मी मोडले नाही, हे तुला कुणी सांगितलं, आई?”

आईची नजर प्रथमच थोरलीच्या हातांवर गेली... खळीने सोललेली बोटं, पोळी चुरताना लाल झालेले तळवे. त्या हातांकडे ती पाहत राहिली आणि तिच्या धड असलेल्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं.

मग तिने डावा हात पुढे केला. वाटीत बोटं बुडवली, कसाबसा एक घास उचलला आणि थोरलीच्या दिशेने धरला. दूध कोपराकडे ओघळत होतं.

थोरली हलली नाही. तिला वाटलं, वाटी भिंतीवर भिरकवावी, दार ओढून घ्यावं आणि कारखान्यात जाऊन वह्यांच्या ढिगाऱ्यामागे बसून राहावं. आईचा हात खाली झुकू लागला, तिने तो पुन्हा उचलला.

“ताई,” धाकटी म्हणाली.

थोरली पलंगाजवळ गेली, वाकली आणि तो घास तोंडात घेतला. गिळायला तिला फार वेळ लागला.