ऊबकडं

भागोजी ढेबेच्या मनगटावरचं ऊबकडं दिवसातून हजारदा थरथरे. दर थरथरीला कुणाचा तरी निरोप घाट ओलांडून जाई. कडं अंगातल्या उबेवर चाले, त्याला ना बॅटरी ना वीज. एका कड्याने निरोप उचलून दोन कोसांतल्या पुढच्या कड्याकडे सरकवायचा, हातोहात विटा द्याव्यात तसा. माणसं हीच तार आणि माणसं हाच खांब. टॉवरवाल्या बड्या कंपन्या आधी हसल्या, मग दोन वर्षांत त्यांनी गाशा गुंडाळला. घाटात कडी यंदा भाद्रपदात आली, आणि इथले टॉवर भंगारात गेले.

दिवाळी उलटली तशी भागोजीने खाली उतरायला म्हशी सोडल्या, आणि कड्यामागचं डोकं ज्यांचं, त्या डॉ. शर्वरी टिळेकर धापा टाकत खिंडीत आल्या.

"मामा, तुम्ही उतरलात तर वरच्या सात वाड्या मुक्या होतील. खिंडीत तुमचं एकच घर आहे."

"हे आधी ठावं नव्हतं?"

"पाहणी आम्ही श्रावणात केली," बाई ओशाळल्या. "तुम्ही बारमाही इथंच असता, असं धरलं."

भागोजीला हसू आलं. पौषात पठारावर म्हशींना पुरेल एवढं पाणी उरत नाही, म्हणून धनगर दिवाळीनंतर म्हशी घेऊन खाली उतरतो आणि मृगाआधी परततो, हे श्रावणात येणाऱ्याला कसं दिसावं?

"बोकड बांधून ठिवतो. घाला त्याच्या गळ्यात."

"माणसाचीच नाडी लागते. जनावरांच्या गळ्यात घालून कुणी फसवू नये म्हणून कडी आम्हीच तशी केली." मग त्या हळूच म्हणाल्या, "गेल्या महिन्यात साप चावलेली पोर तुमच्यामुळे वाचली, मामा."

पोर भागोजीने पाहिली होती. पण चौदा म्हशीही त्याच्याच होत्या.

"मी जाणार," तो ठामपणे म्हणाला. "वाड्या सात हायत. पंधरा पंधरा दिस एकेकानं माझ्या घरात यावं. नुसतं बसायलाच तर माणूस पायजे."

तोडगा सगळ्यांना पटला. बाईंनी तो लिहूनही घेतला.

मृगाआधी भागोजी परतला तेव्हा घरात सातांपैकी कुंभळवाडीची सगुणाबाई घोंगडी लपेटून बसली होती. हाडांचा सापळा नुसता.

"पाळी कवा सुरू झाली, आत्याबाई?"

"पयली माझीच. ती अजून चालू हाय."

वाड्यांनी एकमताने ठरवलं होतं. कामाची माणसं कशाला अडकवा? जिचा घरात उपयोग नाही तिला बसवा, भाकरी पोचवू. भागोजीला स्वतःचीच लाज वाटली. युक्ती त्याचीच होती. त्याने लगेच तिच्या मुलाला निरोप धाडला, "मी आलोय. आईला घेऊन जा."

उत्तर तत्काळ आलं. "दिवाळीला तुम्ही पुन्हा उतरणारच की, मामा. तोवर असू द्या तिथंच."

"ऊठ, आत्याबाई," भागोजी दात आवळून म्हणाला. "मी पाठीवर घिऊन पोचवतो तुला."

म्हातारीने हात मागे ओढला.

"नगं, बाबा. घरी बसले की बसून खाती म्हनायचे. हितं बसते, तर भाकरी येती."