बारावा फोन गप्प

कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत टेबलावर मांडलेल्या बारा फोनांपैकी अकरा खणखणले. बारावा गप्प.

शाल्मलीनं तो उचलून कानाशी धरला. दुपारी अपुऱ्या दिवसांची सात बाळं वॉर्डातून घरी जायची होती, छातीवर तिनं बनवलेली श्वासपट्टी लावून. श्वास अडला की आईचा फोन वाजणार, मग तो कुठल्याही घराण्याचा असो. त्यासाठीच तर तिनं हे दोन्ही प्रकारच्या फोनांवर चालणारं उभयप्रणाली अ‍ॅप लिहिलं होतं.

"फोनला प्रणालीची आवृत्ती विचारतेस ना?" हेरवाडे सरांनी चष्मा वर सरकवला.

"विचारते की. बाराही एकवीस सांगतात. एकविसाला आवाज कसा काढायला लावायचा, ते लिहिलंय."

"अगं, या स्वघडण प्रणाली. मालकाच्या सवयी बघून रोज स्वतःला थोडं थोडं बदलतात. एकवीस म्हणजे नुसती जन्मतारीख."

शाल्मली थबकली. तिची लेक ठकू सात आठवडे आधी जन्मलेली. डॉक्टर तारीख ऐकून घेत आणि वर विचारत, मान धरते का?

"सर, वय विचारायचंच नाही. येतं का, ते विचारू. फोननं आवाज काढायचा आणि स्वतःच ऐकायचा."

तासाभरात क्षमताचाचणी तयार झाली. बाराव्या फोननं कबूल केलं, आवाज काढता येत नाही.

"कुणाचा हा डबा?"

"माझा. आणि डबा नाही हं. पाच महिने ठकू झोपली की मी याचं तोंड दाबतेय. तो शिकला." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "सर, हे अकरा प्रयोगशाळेचे. वॉर्डातल्या त्या सात आया तीन आठवडे बाळाशेजारी आहेत. त्यांचे फोनही हेच शिकले असणार."

सरांनी बारावा फोन हातात घेतला. "म्हणजे जिथं वाजायला हवं, तिथंच नाही."

"मग प्रश्नच बदलू. मालकिणीला जाग कशानं येते, एवढंच फोनला विचारू."

प्रश्न गेला, आणि शाल्मलीच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. ती हसतच सुटली. ठकूची कुरकुर ऐकून फोन तिला रोज असाच पट्ट्यातून उठवत होता. आणि ती समजत होती, आईची झोपच हलकी.

दुपारी वॉर्डात चाचणी झाली. सातही फोन गप्प राहिले. पण कुणाचं मनगट थरथरलं, कुणाची उशी खालच्या फोननं, कोपऱ्यातल्या बाईच्या उशाशी फोनचा दिवा लुकलुकला. डुलक्या घेणाऱ्या सातही जणी ताडकन उठून बसल्या.

एकही बाळ जागं झालं नाही.