ओली शाई

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट थोडी अंगावर काटा आणणारी आहे. पण भिऊ नका, देव पाठीशी असलेली आहे.

तपासणीच्या खोलीत पडदे ओढलेले. टेबलावर कुशीवर वळलेले बसचालक काका, आणि त्यांच्या मोठ्या आतड्यात सोडलेली दुर्बीण धरून उभ्या डॉक्टरबाई. आत गाठ आहे, एवढं स्कॅनवरून कळलं होतं. वरवरची असेल तर दुर्बिणीतूनच सोलून निघेल. खोल रुजली असेल तर पोट उघडायचं, आणि बहुधा जन्मभर शौचासाठी पोटावर पिशवी.

"पिशवी लावून गिअर टाकता येतो का हो?"

"गप्प पडा बरं," सिस्टर म्हणाल्या. "आज गाडी आमच्या ताब्यात आहे."

गाठ दिसली. साध्या उजेडात लालभडक, ओबडधोबड. बाईंनी बटण दाबून निळा उजेड लावला, चित्र मोठं केलं. गाठीवरची नक्षी विणलेल्या स्वेटरसारखी एकसारखी, बारीक रक्तवाहिन्या शिस्तीत.

"वरवरचीच आहे! देवा, तुझे उपकार."

दुर्बीण मागे घेताना आतड्याच्या एका घडीजवळ काळा ठिपका दिसला. शाईचा. जागा पुन्हा सापडावी म्हणून डॉक्टर सुईनं टोचून ठेवतात, तसा.

"काका, ही तपासणी आधी कुठे केली होती?"

"छे हो! ही नळी जन्मात आज पाहिली, तीही धड बघवली नाही."

बाईंनी घडी अलगद बाजूला सारली. मागे चपटा डाग, भिंतीच्याच रंगाचा. निळ्या उजेडात मात्र नक्षी विस्कटलेली, वाहिन्या वेड्यावाकड्या. खरा वैरी हा होता. अजून उथळ होता. फार दिवस उथळ राहिला नसता.

"सिस्टर, शाईची सुई कुणी भरली?"

"कुणीच नाही. कपाट अजून उघडलंच नाही."

बाईंनी पुन्हा दुर्बिणीच्या पडद्याकडे पाहिलं.

ठिपका मघापेक्षा मोठा झाला होता.

कडेकडेनं शाई पसरत होती. आत्ताच टोचल्यासारखी.

दोन्ही गाठी दुर्बिणीतूनच निघाल्या. अहवाल आला: मोठी निरुपद्रवी, चपटी कर्करोगाची, पण मुळासकट गेलेली. काकूंनी रडतरडत नवऱ्यालाच झापलं, "आता तरी वेळेवर तपासून घेत जा!"

अशी शाई सहसा जन्मभर जात नाही. वर्षानं पाहिलं, तर पांढरा व्रण तेवढा होता. शाई कुठेच नव्हती.

बाई अजूनही दुर्बीण मागे घेताना प्रत्येक घडीपाशी क्षणभर थांबतात. तुम्हीही हात जोडाल तेव्हा त्या न दिसलेल्या हाताची आठवण ठेवा. आज तो कुणाच्या आत असेल, कोण जाणे.