राहून गेलेली सावली

चुकीचं चित्र दिसलं की नारायणराव पाटोदेकरांचा हात शिवशिवायचा. तुळजापुरातल्या एका शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले, पण शर्टाच्या खिशातली मऊ, काळीभोर सहा-बी पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. भाचीच्या लग्नात दारातल्या रांगोळीच्या मोराची मान त्यांनी वाकून, बोटानं नीट केली होती. तो मोर काढणारी बाई अजून त्यांच्याशी बोलत नाही. "देवानं जग करायच्या आधी तुम्हाला एकदा दाखवायला हवं होतं," असं त्यांच्या पत्नी प्रेमलाताई म्हणायच्या. निदान उंटाच्या बाबतीत तरी दाखवायला हवं होतं, असं नारायणराव गंभीरपणे सांगायचे.

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून नातवंडं आली होती. शंतनू अकरा वर्षांचा, श्रिया सहा. चार दिवस दोघांनी मोबाइलवरून भांडून घर डोक्यावर घेतलं. पाचव्या दिवशी नारायणरावांनी जाहीर केलं, "उद्या शंभुलिंगअप्पांचं घर बघायला जायचं."

शंभुलिंगअप्पा म्हणजे या मातीतला मोठा चित्रकार. त्यांची चित्रं दिल्लीत लागली, परदेशात लागली, पण अप्पा मात्र माकणीच्या पुढं, आडबाजूच्या आपल्या बागेत राहिले आणि तिथंच गेले. आता ते घर आणि बाग एक ट्रस्ट सांभाळतो. नारायणरावांनी जन्मभर वर्गात त्यांचं नाव घेतलं, पण तिथं जायचं मात्र राहिलंच होतं.

"श्रियाचा हात सोडू नका," निघताना प्रेमलाताईंनी बजावलं. "दीपमाला परवा न्यायला येणार आहे. सुनेसमोर मला मान खाली घालायला लावू नका."

"अगं, मी वर्गात सत्तर पोरं सांभाळलीत," नारायणराव म्हणाले.

लोहाऱ्यापर्यंत एसटी आणि तिथून रिक्षा. रिक्षावाला सिद्धलिंग चांगला बोलका होता. त्यानं फाटकापाशी सोडलं आणि साडेचारला परत येतो म्हणाला. दुपारचा एक वाजत आला होता. नोव्हेंबर असूनही ऊन चटचट लागत होतं.

घर साधंच होतं. जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट धाबं, आणि चित्रांच्या खोलीला उत्तरेकडं एक मोठी खिडकी. नारळाच्या करवंट्यांत गेरू, काव, खडू आणि काजळी वाळून बसली होती. नारायणरावांनी एका करवंटीवर वाकून वास घेतला, आणि त्यांचे डोळे भरून आले. शंतनूनं हळूच बहिणीला कोपर मारलं. आजोबांना भावुक झालेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

बागेची राखण हरणाबाई करायची. सत्तरीची, काटक बाई, नाकात मोरणी. तिनं त्यांना विहीर दाखवली, रामफळांची रांग दाखवली, बुचाचं उंच झाड दाखवलं. त्याखाली लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता. श्रिया लगेच फ्रॉकच्या ओच्यात फुलं गोळा करायला लागली.

बुचाच्या मागं बागेची भिंत होती, आणि त्या भिंतीवर अप्पांनी हीच बाग रंगवली होती. तीच विहीर, तीच रामफळं, तेच बुचाचं झाड आणि खाली खेळणारी अकरा पोरं. चित्रातही दुपारच होती. पोरांच्या पायाशी आखूड, दाट सावल्या पडल्या होत्या. नारायणराव एकेका पोरापाशी थांबत चित्र बघत गेले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

कोपऱ्यात एक पोरगी उकिडवी बसून फुलं वेचत होती. तोंड पलीकडं, बघणाऱ्याकडं पाठ. तिला सावली नव्हती.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"कडूबाई. माझी थोरली भन," हरणाबाई म्हणाली. "ती बसायची चित्राला. मदीच ताप आला तिला. चार दिसांत गेली. तिची सावली काडायची ऱ्हाऊन गेली, ती गेलीच. अप्पा त्याच्यामागं लई वरीस जगले, पण त्या जागंला बोट लावलं न्हाय. कुणाला लावूबी दिलं न्हाय."

"असं होय," नारायणराव म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मास्तरचा डोळा वाईट वाटून घेऊन थांबत नाही. सावलीशिवाय वस्तू जमिनीवर टेकत नाही, हे त्यांनी किती पिढ्यांना सांगितलं होतं! ती पोरगी अख्ख्या चित्रात एकटीच अधांतरी दिसत होती.

घरातली झाडलोट उरकून पाणी आणते म्हणून हरणाबाई घराकडं गेली. पोरं विहिरीपलीकडं खेळत होती. नारायणरावांनी इकडं-तिकडं बघितलं, आणि वर्गातल्या एखाद्या उनाड पोरासारखी पेन्सिल बाहेर काढली. पोरीच्या पायाशी चार रेघा, मग आडव्या फिरवलेल्या शिशाचा हलका थर. बोटानं जरा पसरवलं. मागं सरकून डोळे बारीक करून बघितलं. पोरगी जमिनीवर टेकली होती. त्यांना फार बरं वाटलं.

अर्ध्या तासानं शंतनू तक्रार घेऊन आला.

"आजोबा, श्रिया चीटिंग करतेय."

"काय झालं?"

"आम्ही सावलीवर पाय द्यायचा खेळ खेळतोय. ती तिची सावली लपवतेय."

"सावली कशी लपवणार रे? झाडाखाली पळत असेल."

"नाही ना! उन्हात उभी आहे. या तुम्ही, बघा."

नारायणराव हसत गेले. श्रिया विहिरीच्या काठाशी, भर उन्हात उभी होती. ऊन कलायला लागलं होतं आणि विहिरीच्या दगडांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. श्रियाच्या पायाशी मात्र नुसती माती होती, पिवळी आणि स्वच्छ.

त्यांनी तिला एक पाऊल पुढं यायला सांगितलं. मग डावीकडं. मग हात वर करायला सांगितलं. वर पाहून ढग शोधला. आकाश धुतल्यासारखं निळं होतं. प्रकाश दोन बाजूंनी आला की सावली फिकी पडते, भिंतीवरून उजेड परततो, असं काहीतरी ते शंतनूला समजावून सांगायला लागले आणि वाक्य अर्ध्यात सोडून दिलं.

त्यांनी श्रियाचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता, घामेजलेला, बुचाच्या फुलांचा वास येणारा. मग त्यांनी जमिनीकडं बघितलं. त्यांची स्वतःची सावली मातीवर उभी होती. तिचा एक हात बाजूला पसरलेला होता आणि मूठ रिकामीच मिटलेली होती.

त्यांनी तिचा हात आणखी घट्ट धरला.

"आजोबा, मला बसायचंय," श्रिया म्हणाली. "दमले मी."

"चल, बाळा, घरी जाऊ."

"नको. तिकडं बसते." ती हात सोडवून चालायला लागली. भिंतीपाशी, बुचाखाली जाऊन ती उकिडवी बसली आणि त्यांच्याकडं पाठ करून फुलं वेचायला लागली.

नारायणराव धावतच भिंतीशी गेले. त्यांनी काढलेली सावली तिथं होती. पण ती त्यांनी काढली होती तेवढी राहिली नव्हती. इतर पोरांच्या सावल्या दुपारच्याच होत्या, आणि ही एकच लांबली होती, बाहेरच्या उन्हाप्रमाणं.

त्यांनी खिशातून खोडरबर काढलं. दोनदा घासलं. शिसं निघेना. त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून जोर केला.

"आई गं!" मागून श्रिया ओरडली.

ते वळले. ती खांदा धरून बसली होती.

"काय झालं?"

"दुखलं."

त्यांनी पुन्हा, अगदी हलकं, नखानं खरवडल्यासारखं केलं.

"आजोबा, नका ना!" श्रिया रडायला लागली. ती भिंतीकडं बघतही नव्हती.

हरणाबाई तांब्या घेऊन आली. तिनं भिंत बघितली, पोर बघितली, आणि तांब्या खाली ठेवला.

"मास्तर, काय करून बसलात हो हे?"

"चूक होती ती... मी फक्त नीट केली." एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते वाक्य म्हणताना त्यांना लाज वाटली. "हरणाबाई, हे पुसायचं कसं? तुम्ही इथल्या आहात. सांगा, मी तुमच्या पाया पडतो."

"म्या काय सांगू? कुणी हात लावलाच नव्हता आजवर." तिनं त्यांचा हात धरून भिंतीपासून दूर केला. "पुसू मात्र नका आता. पोरीला लागतंय, दिसत न्हाय का?"

पुसता येत नव्हतं आणि ठेवता येत नव्हतं. नारायणरावांनी श्रियाला उचललं. ती सहज उचलली गेली, फार सहज, जणू अंगात फक्त कपडेच होते. त्यांनी तिला घट्ट धरलं आणि देवाचं नाव घ्यायला गेले, तर एकही नाव आठवेना. शंतनू आजोबांचं तोंड बघून रडकुंडीला आला होता.

"मला खाली ठेवा," श्रिया हळूच म्हणाली. "मला तिथं बसायचंय."

त्यांनी ठेवलं नाही. पण मिठी सैल नसतानाही ती कशी कोण जाणे खाली उतरली आणि परत फुलांत जाऊन बसली.

ऊन बुचाच्या शेंड्यामागं गेलं. सगळी बाग एकदम सावलीत आली.

आता कुणाचीच सावली नव्हती. त्यांची नाही, शंतनूची नाही, हरणाबाईची नाही.

एक मिनिटभर पानही हललं नाही.

मग फांद्यांतून तिरपी उन्हं परत आली.

श्रिया उभी होती. तोंड त्यांच्याकडं, ओच्यात फुलं. आणि तिच्या पायांपासून एक लांबलचक सावली थेट त्यांच्या चपलांपर्यंत आली होती.

"सापडली! सापडली!" शंतनूनं आनंदानं उडी मारून तिच्यावर पाय दिला. श्रिया हसली.

नारायणरावांचा जीव भांड्यात पडला. ते मटकन खाली बसले आणि रडले. मग त्यांनी भिंतीकडं बघितलं. पेन्सिलची एक रेघही तिथं नव्हती. कोपऱ्यातली पोरगी पाठ करून उकिडवी बसली होती, बिनसावलीची. सगळं जसं होतं तसं. आपल्याला ऊन लागलं असेल, वयही झालंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते त्यांना मनापासून पटवून घ्यायचं होतं.

हरणाबाईला मात्र तसं काही वाटलेलं दिसेना. ती श्रियासमोर गुडघ्यांवर बसली होती. तिनं पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि नुसती बघत होती. श्रिया, जी अनोळखी माणसाला गालालाही हात लावू द्यायची नाही, ती निमूट उभी होती.

फाटकाशी रिक्षाचा हॉर्न वाजला.

"मास्तर," हरणाबाई म्हणाली, "हिला हितंच ऱ्हाऊ द्या. म्या सांभाळते. लई नीट सांभाळते."

"काय बोलताय तुम्ही? डोकं ठिकाणावर आहे का?" नारायणराव खेकसले. त्यांनी श्रियाचा हात खेचूनच घेतला. "चल गं."

हरणाबाई फाटकापर्यंत आली नाही. ती भिंतीपाशी गेली, कोपऱ्यातल्या पोरीजवळ बसली, आणि रंगवलेल्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मूल झोपवताना फिरवतात तसा.

रिक्षात श्रिया त्यांच्या मांडीवर बसली. आता ती नेहमीच्या वजनाची होती. त्यांनी दोनतीनदा वाकून रस्त्याकडं बघितलं. पळणाऱ्या सावलीत चारही डोकी होती. त्यांना हसू आलं. थोड्या वेळानं फोन वाजला. दीपमाला होती.

"बाबा, मजेत ना सगळे? श्रियानं त्रास नाही ना दिला?"

"छे! अगदी शहाण्यासारखी बसलीय."

"मी उद्या दुपारीच निघते. एक दिवस आधीच येते. करमत नाही हो तिच्याशिवाय."

"ये," नारायणराव म्हणाले. "पोर तुझी वाटच बघतेय."

माकणीपाशी रिक्षा वळली आणि धरणाचं पाणी दिसायला लागलं, दूरवर पसरलेलं, उतरत्या उन्हात तांबूस. दुपारी जाताना याच ठिकाणी श्रियानं "आजोबा, समुद्र!" म्हणून टाळ्या पिटल्या होत्या.

आता ती त्यांच्या मांडीवरून उठली, रिक्षाचा दांडा धरून पाण्याकडं बराच वेळ बघत राहिली. तिचं तोंड रडवेलं झालं.

"आजा," ती म्हणाली, "येवढं पानी कवा आलं? हितं तर आमचं रान व्हतं."

शंतनू खिदळला. "कशी बोलतेय बघा ना आजोबा!"

सिद्धलिंगही आरशातून हसला. "पोरगी चार दिसांत हितली झाली की."

मागं फिरव, असं नारायणरावांना म्हणायचं होतं. पण मागं फिरून कुणाला काय मागायचं, आणि बदल्यात कुणाला ठेवून यायचं, हे त्यांना कळेना. रिक्षा पुढं जात राहिली. पोरीनं परत येऊन त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत गच्च धरून ठेवला.