एकनजरी

साताऱ्यात त्या वर्षी हनुवट्या लहान झाल्या होत्या. आदल्या वर्षी गालाची हाडं वर आली होती, त्याच्या आदल्या वर्षी ओठ फुगले होते. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत गेलं तर शंभर बायका दिसायच्या आणि शंभरही एकाच आईच्या लेकी वाटायच्या. पुरुष मागे होते असं समजू नका. लग्नकार्यात पाहुण्यांच्या छातीवर नावाची चिठ्ठी लावायची पद्धतच पडली होती, कारण सख्खी मावशी ओळखायलाही तिनं तोंड उघडण्याची वाट बघावी लागायची.

ही सगळी नजरलेपाची करणी. नजरलेप म्हणजे चेहऱ्याच्या कातडीत भरलेला, वरून न दिसणारा एक थर. समोरचं काही आवडलं की माणसाच्या डोळ्यातली काळी बाहुली किंचित मोठी होते, आणि ते थोपवणं कुणाच्या हातात नसतं. लेपातले सूक्ष्म कण समोरच्याची ती बाहुली टिपायचे, उजेडामुळे पडलेला फरक वजा करायचे आणि जिच्यामुळे बाहुली मोठी झाली ती ठेवण चेहऱ्यात कणभर जास्त पक्की करायचे. रोज कणभर, म्हणजे वर्षाकाठी नवी हनुवटी. गाव ज्याच्याकडे टक लावून बघेल तसा सगळ्यांचा चेहरा होत जायचा, आणि गाव एका वेळी एकीकडेच बघतं.

मग एकनजरीचं खूळ आलं. लेपाला एकाच माणसाचे डोळे शिकवायचे. बाकी जगानं कितीही बघितलं तरी चेहरा ढिम्म, हलणार तो फक्त त्या एकासाठी. हळदीकुंकवाला बायका उखाणा घ्यायच्या आधी मान वळवून दाखवू लागल्या, "हे नाक आमच्या ह्यांच्या नजरेतलं हं!" आणि ज्यांची नाकं गावच्या नजरेतली होती त्या वाटीतली साखर चमच्यानं उगाच ढवळत बसायच्या.

अशा बसणाऱ्यांत कालिंदी दिघे होती. वय बेचाळीस, शाळेत भूगोल शिकवायची. तिचा नवरा हेरंब पठारावरच्या पवनचक्क्यांची देखभाल करायचा. त्याच्या जोडीला दोन वर्षांपासून तनिष्का साबळे नावाची इंजिनीअर आली होती. तनिष्काच्या चेहऱ्यावर लेपच नव्हता. नाकावर वांग, हनुवटी चांगली रुंद, आणि हसली की सगळा चेहरा वेडावाकडा व्हायचा. हेरंबची संध्याकाळची निम्मी वाक्यं "तनिष्का म्हणत होती" अशी सुरू व्हायची. कालिंदीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. लेप लावलेली सुंदर बाई असती तर ती समजू शकली असती. पण ही कोऱ्या तोंडाची! म्हणजे त्याला हिचा चेहरा नव्हे, हीच आवडत असणार. हा मत्सर तिला जेवताना, वह्या तपासताना, केस विंचरताना आतून कुरतडत होता.

तिनं एकनजरी करायचं ठरवलं. पण हेरंबला सांगितलं नाही. तिची आई नवऱ्यासाठी मनात धरलेलं कुठलंही व्रत तोंडानं बोलायची नाही, बोललं की फळ जातं म्हणायची, आणि पोरीनं भूगोल शिकवून पोट भरलं तरी हाडात हेच मुरलेलं. चष्म्याच्या दुकानातून तिनं हेरंबच्या डोळ्यांचा फोटो मिळवला आणि तो लेपाला दिला. लेप लावणारी मुलगी म्हणाली, "काकू, साहेबांना अर्धा तास आणून बसवावं लागेल. नजरजुळणी करायची असते."

"ते परगावी असतात," कालिंदी म्हणाली. मुलीनं खांदे उडवले.

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. लेप रोज रात्री तिच्या फोनवर हिशोब द्यायचा, हेरंबची बाहुली आज तिच्याकडे बघून किती वेळ मोठी झाली होती. अकरा सेकंद. दिवसभरात अकरा सेकंद! कालिंदी त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडली.

पुढच्या मंगळवारी हेरंब उशिरा आला. तो दारात होता आणि टेबलावर विसरलेला त्याचा फोन तिच्या हातात. "तनिष्काचे तीन फोन येऊन गेले," ती म्हणाली. त्या दिवशी आकडा चाळीसवर गेला.

मग तो चढतच राहिला. सत्तर, शंभर, दीडशे. कालिंदी हरखली. मात्र आरशातला चेहरा बदलू लागला तो काही गोड दिशेनं नाही. डोळे बारीक झाले. भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेघा आल्या. ओठांची कड आत ओढली गेली. आणि एका सकाळी, तोंडात ब्रश असताना, तिला उमगलं. हे डोळे तनिष्काचे! उन्हात पवनचक्कीच्या पात्याकडे बघताना ती अशीच डोळे बारीक करत असणार. हेरंबची नजर बायकोच्या चेहऱ्यावर दुसरीच बाई घडवत होती. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, इथं तर ते बायकोच्या तोंडावर दिसत होतं.

त्यानंतर तिनं त्याला सुखानं घास गिळू दिला नाही. कुठे होतास, कुणाबरोबर होतास, पठारावर आज वारा पडला होता तर तुम्ही दोघं काय करत होतात? आकडा दोनशे सत्तरवर गेला.

शेवटी ती डॉ. सुहासिनी रणपिसेंकडे गेली. ज्यांनी मुळात हा लेप तयार केला त्यांतल्या त्या एक. कालिंदीनं तनिष्काचा फोटो त्यांच्यासमोर ठेवला.

"डॉक्टर, मला लेखी पाहिजे. माझा चेहरा हिच्यासारखा होत चाललाय."

डॉक्टरांनी दोन्ही चेहरे यंत्रात घातले. "नाही हो ताई. काहीच जुळत नाही."

"मग कुणाचा आहे हा?"

डॉक्टर बराच वेळ लेपाची नोंद मागे मागे नेत राहिल्या. मग त्यांनी पडदा कालिंदीकडे वळवला. त्यावर हुबेहूब तोच चेहरा होता, बारीक डोळे, दोन रेघा, आत ओढलेले ओठ. खाली तारीख होती. फोनवाला मंगळवार.

"तुमचाच आहे. त्या संध्याकाळी तुमचं तोंड जसं झालं होतं तसा. त्याकडे बघून त्यांची बाहुली मोठी झाली, म्हणून लेपानं तो थोडा धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी ती आणखी मोठी झाली, त्यानं आणखी धरला. नजरजुळणी केली होती ना?"

कालिंदीनं तनिष्काचा फोटो उचलून पर्समध्ये ठेवला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ताई, बाहुली आवडीनं मोठी होते तशी धास्तीनंही होते. डोळ्याला दोन्ही सारखंच. कुठली कशाची हे शिकवायला तर माणसाला अर्धा तास बसवतो आम्ही. तुमच्या लेपाला कुणी शिकवलंच नाही."

"म्हणजे हेरंब…"

"घाबरतात तुम्हाला. आणि जेवढे घाबरतात तेवढा हा चेहरा पक्का होतोय."

कालिंदीला लाज वाटली. खरोखर वाटली, कान तापले. हेरंबचा ताटाकडे झुकलेला चेहरा तिला आठवला.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता पंधरा मिनिटांत लेप उतरवते. आठ दिवसांत आधीचा चेहरा परत येईल. येताय ना आत?"

कालिंदी उठली. दोन पावलं आतल्या खोलीकडे गेली आणि थांबली.

"आधीच्या चेहऱ्याला किती होते हो सेकंद?"

"आकड्यांचं काय घेऊन बसलात!"

"अकरा होते," कालिंदी म्हणाली. "अकरा." मग तिनं पर्स उचलली. "राहू दे डॉक्टर. विचार करून सांगते."

डॉक्टर दारापर्यंत मागे आल्या, काही बोलल्याही. तिनं ऐकलं नाही.

घरी हेरंब आधीच आला होता. ती आत शिरली तसा तो खुर्चीतून अर्धा उठला. ती हसायला गेली. पण भुवया जागच्या हलल्या नाहीत, नुसते ओठ ताणले गेले. हेरंब बघत राहिला. एवढा वेळ एकटक तो तिच्याकडे लग्नातही बघत बसला नव्हता.

टेबलावर त्याचा फोन वाजू लागला. तनिष्काचं नाव पडद्यावर आलं. हेरंबनं तिकडे नजरसुद्धा वळवली नाही. फोन वाजून वाजून बंद पडला, आणि कालिंदीला कितीतरी दिवसांनी शांत, तृप्त वाटलं.