गल्ली वजा अंबव्वा

सोलापुरात आता कुठली गल्ली राहायला किती चांगली हे माणसं ठरवत नाहीत, ‘वास्तव्यांक’ ठरवतो. प्रत्येक रहिवासी वर्षातून एकदा मोबाइलपुढे गल्लीबद्दल तीन मिनिटं मनमोकळं बोलतो. यंत्र ते सगळं ऐकतं, रस्त्यावरचे सेन्सर वाचतं आणि शंभरपैकी आकडा देतं.

चिंचेच्या गल्लीला यंदा एक्याऐंशी मिळाले. शहरात पहिला नंबर! अकरावीतली लावण्या येमूल नुसती हवेत होती, कारण सत्तर घरांची बोलणी तिनेच तर मागे लागून गोळा केली होती. तिची स्वतःची तीन मिनिटं मात्र अंबव्वावरच संपली. ही म्हातारी रोज पहाटे साडेपाचला लाटण्याने घराघराची ग्रिल बडवायची, “उठा की ओ, पाणी आलंय!” नळाला चोवीस तास पाणी येऊन सहा वर्षं झाली होती, पण तिचा त्यावर विश्वासच नव्हता.

निकालानंतर आठवड्याने वास्तव्यांक कचेरीचा टेम्पो आला आणि अंबव्वाचं सामान भरायला लागला.

लावण्या तडक कचेरीत धडकली. वास्तव्यांक बनवणाऱ्या डॉक्टर तहसीन बागवान यांनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि पडदा वळवला.

“यंत्र एकेक गोष्ट वजा करून बघतं. तुमची बाग काढली तर आकडा दोनने उतरतो. दवाखाना काढला तर पाचने. अंबव्वा काढली तर सत्तावीसने.”

“पण मॅडम, तिच्याबद्दल तर सगळ्यांनी तक्रारच केलीय.”

“तक्रार करायला सत्तर दारं रोज उघडतात ना? जे उघडत नाही, तिथे सात वाजायच्या आत कुणीतरी जाऊन बघतं. दोघंजण त्यामुळे वाचलेत.” त्यांनी पडद्यावर पुढचं पान उघडलं. “ज्याला काढल्यावर आकडा वीसहून जास्त उतरतो, त्या माणसाला दुसरीकडून मागणी येते. एका नव्या वसाहतीचा अंक जेमतेम एकतीस आहे, त्यांनी तिला मागितलंय.”

“म्हणून तिला न विचारता उचलायचं?”

“विचारलं की. आधी तुमची बोलणी ऐकवली, नियमच आहे तो. मग ती लगेच हो म्हणाली.”

लावण्याने चहा तसाच ठेवला आणि पळत सुटली. टेम्पो निघतच होता. तिने खिडकी धरून अंबव्वाला कितीदा तरी नको जाऊ म्हटलं. अंबव्वाने तिच्या गालावरून हात फिरवला.

“झोप आता निवांत. परीक्षा हाय न्हवं तुझी?”

दुसऱ्या दिवशी साडेपाचला लावण्या आपल्या घरातलं लाटणं घेऊन बाहेर पडली. पहिल्याच दारात बोल्लीकाकांनी तिचं सगळं खानदान काढलं. पण दार उघडलं. सत्तरही उघडली.

महिन्याभराने गल्लीतल्या वास्तव्यांकाच्या फलकावर नवीच ओळ आली : ‘लावण्या येमूल वजा केल्यास – चौदाने घट.’ तिची छाती अशी काही फुगली! मग तिला टेम्पो आठवला.

त्याच संध्याकाळी तिने सगळ्यांना चिंचेखाली बसवून गणित समजावलं : कुणालाच वीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. तेव्हापासून लाटणं घरोघर फिरतं. कुणालाच सलग तीन दिवसांच्या वर ते मिळत नाही. बोल्लीकाका तर हल्ली फारच मायेने हाका मारायला लागलेत, म्हणून त्यांना एकच दिवस देतात.